दुधाच्या दातांचा हक्क

‘दुधाचेच दात आहेत, पडणारच आहेत.’ आपल्याकडे लहान मुलाची दाढ दुखू लागली की हे वाक्य हमखास कानावर येते. घर कोणत्याही जातीधर्माचे असो, आजी ते म्हणते, शेजारीण म्हणते, कधी औषधाच्या दुकानात बसलेला पोऱ्याही म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. रडणाऱ्या पोराच्या आईला धीर द्यावा एवढाच हेतू असतो. तो धीर आईला मिळतोही, पण पोराची दाढ ठणकायची काही थांबत नाही. मला या वाक्याचा विचार करावासा वाटतो, कारण बोलणाऱ्याच्या नकळत त्यात एक अख्खा सिद्धांत सांगितलेला असतो: जे टिकणार नाही, त्याची काळजी कशाला घ्यायची?

माझी लेक सुकापूरला राहते. मी शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून तिच्याच जवळ असतो. पनवेल स्टेशनच्या नवीन पनवेलकडच्या बाजूने शेअर रिक्षा पकडली आणि माथेरान रस्त्याला लागले की सुकापूर येते. गाढी नदीच्या अंगाला वसलेले हे मूळचे गाव आता इमारतींनी भरून गेले आहे. मुंबईत किंवा नवी मुंबईत घर घेणे ज्यांना झेपले नाही, त्यांनी कर्जे काढून इथे दोन खोल्या घेतल्या. बहुतेक इमारतींच्या तळमजल्याला दुकान आहे आणि दुकानाच्या दारात पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. दूध आणायला गेलेले मूल त्या माळांखालूनच आत जाते आणि त्यांखालूनच बाहेर येते.

माझ्या नातीचे वरचे पुढचे चार दात अडीच वर्षांची असतानाच तपकिरी पडू लागले होते. चौथ्या वर्षी दाढेला भोक पडले. एका सकाळी ती उठली तेव्हा डावा गाल सुजलेला होता आणि डोळा अर्धा मिटला होता. तेव्हापासून दोन वर्षे होत आली, दवाखाना सुटलेला नाही. एका दाढेत सिमेंट भरले, ते निघाले, पुन्हा भरले. दुसरीचे मूळ साफ करून तिच्यावर स्टीलची टोपी बसवली. एक काढावी लागली. ताप आला तर दोन दिवसांत उतरतो, हात मोडला तर प्लास्टर निघते. दातांचे हे दुखणे असे संपत नाही. ते घरातल्या माणसासारखे राहायलाच येते. रात्री दोन वाजता उठते, जेवताना एका बाजूने चावते, कधी महिनाभर गप्प बसते, आणि आता गेले असे वाटावे तोच परत येते.

आता त्या वाक्याकडे वळू. ते खरे आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. दुधाचे दात वीस असतात. पहिला साधारण सहाव्या महिन्याला येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, हे आपण सर्वजण पाहतो आणि त्यावरूनच अंदाज बांधतो. मागच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेबद्दल ‘पडणारच आहे’ म्हणणारा माणूस त्या मुलाला आणखी सहा-सात वर्षे थांब म्हणत असतो. आपल्यापैकी कोणी किडलेली दाढ घेऊन सात वर्षे थांबेल? शिवाय दुधाच्या दातावरचे कठीण आवरण पक्क्या दातापेक्षा पातळ असते, त्यामुळे कीड लवकर आत, नसेपर्यंत पोचते. खाली मुळाशी पक्का दात तयार होत असतो आणि वरच्या पुवाची झळ त्याला बसू शकते. दाढ वेळेआधी काढली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि मग मागून येणाऱ्याला वाट उरत नाही. पुढे पंधराव्या वर्षी वेड्यावाकड्या दातांना तारा लावताना हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती फार थोड्या आईबापांना ठाऊक असते. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे ती आली हे कळतच नाही. पुष्कळजण तिलाही दुधाचीच समजतात आणि ‘पडणारच आहे’ म्हणून किडू देतात. ती मात्र पक्की असते, जन्माची असते.

म्हणजे ते वाक्य खोटे ठरले. पण प्रश्न इथे संपत नाही, माझ्या मते तो इथे सुरू होतो. समजा, या सगळ्या गोष्टी नसत्या. समजा, दुधाच्या दाढेचा पुढच्या दाढेशी काडीचाही संबंध नसता आणि सारे किडके दात कसलीही खूण न ठेवता गळून गेले असते. मग चार वर्षांच्या मुलीचे रात्री दोन वाजता कळवळणे चालून गेले असते काय? डॉक्टर लोक आपल्याला पटवून देताना नेहमी पुढच्या नुकसानीची भीती घालतात. पक्के दात खराब होतील, वाढ खुंटेल, अभ्यासात लक्ष लागणार नाही. हे सारे खरेच आहे. तरी त्यात एक गोष्ट निसटते. मुलाचे दुखणे हे पुढच्या मोठ्या माणसाचे नुकसान म्हणूनच मोजले जाते, आजच्या मुलाचे दुखणे म्हणून त्याची नोंदच होत नाही.

पोलंडमध्ये यानुश कोर्चाक नावाचा एक ज्यू डॉक्टर होऊन गेला. वॉर्सात तो अनाथ मुलांचे घर चालवीत असे. 1942 साली नाझींनी त्या मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीत नेले तेव्हा सुटकेची संधी नाकारून तो मुलांबरोबर गेला. मुलांचे जे हक्क त्याने मांडले, त्यांत एक फार साधा हक्क आहे: मुलाला त्याच्या आजच्या दिवसावर हक्क आहे. उद्या ते कोण होणार यासाठी त्याचा आज गहाण टाकू नये. बालपण म्हणजे मोठेपणाच्या गाडीची वाट पाहण्याचा फलाट, अशी आपली समजूत असते. कोर्चाकला ती मान्य नव्हती. दुधाच्या दातांइतके या हक्काचे नेमके उदाहरण मला दुसरे दिसत नाही. ते दात फक्त बालपणाचेच असतात. मोठ्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही, आणि म्हणूनच मोठ्या माणसांना त्यांची किंमत वाटत नाही.

आपल्या लोकांत हे वाक्य कधी कधी धर्माची शाल पांघरून येते. ‘दुनियाच फानी आहे, तिथे दाताचे काय घेऊन बसलात?’ मशिदीच्या पायऱ्यांवर एका ज्येष्ठांनी मला हे हसत हसत ऐकवले होते. मला तेव्हा हजरत पैगंबर (स.) यांच्या अखेरच्या आजारपणातला तो प्रसंग आठवला, जो आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेला असतो आणि दातांच्या संदर्भात क्वचितच आठवलेला असतो. त्यांना उठून बसण्याचेही बळ नव्हते. हजरत आयेशा (र.) यांचे भाऊ हातात मिस्वाक घेऊन आत आले. पैगंबरांची नजर तिच्यावर खिळली. बोलण्याची शक्ती नव्हती, पण हजरत आयेशांनी ओळखले, ती घेतली, चावून मऊ केली आणि त्यांना दिली. त्यांनी दात स्वच्छ केले. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांचे देहावसान झाले. आता, ज्या दातांना या जगात घटकाभराचेच काम उरले होते त्यांना स्वच्छ करण्याचे प्रयोजन काय होते? उद्या टिकणार म्हणून त्या दातांची काळजी घेतली गेली नाही. ते त्या क्षणी होते, एवढे पुरेसे होते. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, ज्याला स्वतःला जमत नाही त्याच्यासाठी कोणीतरी मिस्वाक मऊ करून द्यावी लागते. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला स्वतःचे दात नीट घासता येत नाहीत, त्याच्या मागे उभे राहून मोठ्याने ते घासावे लागतात. ब्रश हातात देऊन ‘जा, घासून ये’ म्हणणे म्हणजे न चावलेली मिस्वाक पुढे करणे.

इमाम गझालींनी मुलाला आईबापांच्या हाती सोपवलेली अमानत म्हटले आहे. अमानत ठेवणारा तिची मुदत ठरवतो, सांभाळणारा नव्हे. थोड्या दिवसांसाठी ठेवलेली वस्तू आहे म्हणून ती पावसात टाकून देणाऱ्याला आपण अमानतदार म्हणणार नाही.

अमानत म्हटली की हिशेब आला, आणि हिशेब आला की आपल्याकडे बोट थेट आईकडे जाते. ‘रात्री दूध पाजत झोपवलेस ना, भोग आता.’ माझ्या लेकीने हे इतक्यांच्या तोंडून ऐकले की दवाखान्यात नाव विचारले तरी ती आधी खुलासा द्यायची. रात्रभर तोंडात साखरेच्या दुधाची बाटली राहिली तर वरचे पुढचे दात आधी किडतात, हे खरे आहे. झोपेत लाळ कमी सुटते आणि साखर दातांवर साचून राहते. पण त्या बाटलीच्या आसपास काय काय होते, तेही पाहावे. जावई तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जातो. रात्रपाळीहून आलेला माणूस झोपलेला, भिंतीपलीकडे शेजारी, एका खोलीचे घर, आणि मूल रडते आहे. अशा वेळी आईने काय करावे, हे बोट दाखवणाऱ्यांपैकी कोणी सांगत नाही. खोकल्याच्या गोड औषधातली साखर कोणी घातली? पाहुण्यांनी हातावर ठेवलेली चॉकलेटे, ईदीच्या पैशांतून आलेली चॉकलेटे, मुलगी गोड बोलली म्हणून दुकानदाराने फुकट दिलेले चॉकलेट? किडीत साऱ्या गावाचा हात असतो, दोषाच्या वेळी एकटी आई उरते.

मला वाटते, दोष आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण फार गल्लत करून वापरतो. दोष मागे पाहतो, जबाबदारी पुढे. दात कोणामुळे किडला याचे उत्तर कधीच पुरे मिळणार नाही आणि मिळाले तरी दाढ त्याने भरून येणार नाही. आज रात्री दात कोण घासून देणार, याचे उत्तर मात्र देता येते. त्याला बापही चालतो, नानाही चालतो. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढे वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लागते. त्याला काही आईचेच हात लागत नाहीत.

आता दुसरे वाक्य. ते दवाखान्याच्या दारात म्हटले जाते: ‘काही दुखणार नाही.’

हेही प्रेमानेच म्हटले जाते. मूल खुर्चीवर बसावे म्हणून म्हटले जाते. मग सुई टोचते, मूल आईकडे पाहते, आणि त्या नजरेचे काय करायचे हे आईला कळत नाही. एका दवाखान्यात मी एक दृश्य पाहिले आहे. साडेचार वर्षांचा मुलगा, दोन पाय बापाने धरलेले, डोके मदतनीस बाईंनी, आणि सगळे मोठे आवाज काढून म्हणताहेत, ‘झालं, झालं, कुठे दुखतंय?’ त्याला दुखत होते. दुखत असल्याचे तो जगातल्या सर्वांत विश्वासू माणसांना सांगत होता आणि तीच माणसे त्याला, दुखत नाही, असे समजावत होती. वेदनेपेक्षा हे अधिक भयंकर असावे, असे मला वाटले.

हदीसमध्ये एका आईची गोष्ट येते. तिने मुलाला हाक मारली, ‘ये, तुला काही देते.’ पैगंबर (स.) तिथे होते. त्यांनी विचारले, काय देणार होतीस? ती म्हणाली, खजूर. त्यावर ते म्हणाले, काही दिले नसतेस तर हे तुझ्या नावावर खोटे म्हणून लिहिले गेले असते. लहान मुलाशी बोललेले खोटे हेही पुरे खोटे आहे, त्याला लहान मुलाच्या मापाची सूट नाही. माझ्या एका मित्राने, तोही शिक्षक, यावर हरकत घेतली. म्हणाला, उपचार तर त्याच्याच भल्याचा आहे ना? खोटे बोलून का होईना, दाढ वाचत असेल तर काय बिघडले? त्याचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. गाल सुजलेला आहे, ताप चढतो आहे, तेव्हा मूल नको म्हणते म्हणून परत फिरणारा बाप मी शहाणा म्हणणार नाही. चार वर्षांच्या मुलाची संमती हा काही अंतिम निवाडा असू शकत नाही, आणि कधी कधी त्याला धरावेच लागते. परंतु धरणे वेगळे आणि धरल्याचे नाकारणे वेगळे. ‘टोचेल, मुंगी चावल्यासारखं वाटेल, मी हात धरून ठेवते, तू रड’, असे सांगूनही धरता येते. मुलाच्या ‘नको’वर आपला निर्णय चालवण्याचा हक्क आपल्याला कदाचित आहे. त्याचे दुखणे नाहीसे ठरवण्याचा नाही.

पहिले वाक्य आणि हे दुसरे वाक्य सख्ख्या बहिणी आहेत. एक म्हणते, हे दुखणे मोजण्यालायक नाही. दुसरी म्हणते, हे दुखणे नाहीच.

लहान मुलांचे दंतवैद्य यावर एक साधी रीत वापरतात: आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे. आरसा तोंडात घालण्याआधी नखावर टेकवून दाखवायचा, पाण्याची फवारणी तळहातावर करून दाखवायची. काहीजण मुलाला सांगतात, थांबावेसे वाटले की डावा हात वर कर. आणि हात वर झाला की खरोखर थांबतात. यात वेळ जातो. ज्या दुखण्याचे सात-आठ खेटे घालायचे आहेत तिथे तो वेळ पुढे भरून येतो, हे खरे, पण मला त्या रीतीचे मोल त्याहून वेगळ्या कारणासाठी वाटते. मुलाच्या हातात स्वतःच्या तोंडाची थोडीशी सत्ता दिली जाते.

हे सारे लिहिताना पैशाविषयी बोललो नाही तर ते लबाडीचे होईल. दाढ वाचवणे महाग आहे, काढणे स्वस्त. मूळ साफ करून टोपी बसवायचा खाजगी दवाखान्यातला खर्च रिक्षा चालवणाऱ्याच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढा होतो. दंत महाविद्यालयांत तो पुष्कळ कमी असतो. आमच्या बाजूला कामोठे, खारघर, बेलापूर, नेरूळ अशी दंत महाविद्यालये आहेत, आणि मुंबईचे सरकारी दंत महाविद्यालय हार्बर लाइनच्या शेवटच्या स्टेशनाजवळच आहे. पण प्रत्येक खेपेला कोणाचा तरी दिवस बुडतो, आणि खेपा एक-दोन नसतात. दहाव्या शतकात कोर्दोव्याच्या अझ-झहरावीने शस्त्रक्रियेवर लिहिताना दात उपटण्याची घाई करू नये, आधी सर्व उपचार करून पाहावेत असे बजावले होते. हजार वर्षांनंतरही हा सल्ला पाळणे खिशावर अवलंबून आहे. म्हणून ‘काढून टाका’ म्हणणाऱ्या बापाकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. त्याच्याकडे दुसरे वाक्य नाही, कारण दुसरे वाक्य विकत घ्यावे लागते.

मग ते विकत घेण्याची जबाबदारी कोणाची? जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 च्या अहवालाप्रमाणे जगात दुधाचे दात किडलेली सुमारे 51 कोटी 40 लाख मुले आहेत. एवढ्या सगळ्या आया निष्काळजी असू शकत नाहीत. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यातल्या पालघरहून. अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची जी तपासणी होते, तिच्यात दातही पाहिले जातात. कीड सापडते, कागदावर येते, पुढे पाठवण्याची शिफारस होते. त्या कागदापासून खुर्चीपर्यंतचे अंतर मात्र आईला एकटीला चालायचे असते. आपल्या जमाती आणि ट्रस्ट सुंतेची शिबिरे घेतात, मोतीबिंदूची घेतात. दातांचे शिबिर झालेच तर एका रविवारी ब्रश वाटले जातात, फोटो निघतो. मुलांच्या दातांना रविवार पुरत नाही. त्यांना वर्षभर कोणीतरी रिक्षाभाडे द्यावे लागते, आईबरोबर रांगेत बसावे लागते. गरजू आजाऱ्याला जकात देता येते हे आपण मानतो, पण मनात आजारी म्हणून जो माणूस येतो तो नेहमी प्रौढ असतो.

स्वस्तातला एक उपाय आहे. चांदी आणि फ्लोराइड असलेले एक औषध किडीवर नुसते लावायचे, यंत्राने कोरायची गरज नाही, सुई नाही. पुष्कळदा कीड तिथेच थांबते. 2021 साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. त्याचा एक दुर्गुण आहे: किडलेला भाग कायमचा काळा होतो. आमच्या घरात यावरून वाद झाला. ‘मुलीची जात आहे, पुढचे दात काळे दिसतील’, असे एक नातेवाईक बाई म्हणाल्या. दाढ सुजली तेव्हा याच बाई ‘पडणारच आहेत’ म्हणाल्या होत्या. दुखणारा दात पडणारा होता, दिसणारा दात एकाएकी कायमचा झाला! मुलगा असता तर काळेपणाची चर्चा एवढी चालली असती का, याबद्दल मला शंका आहे. लेकीने औषध लावून घेतले. नात आता काळ्या दातांनी हसते आणि कोणी विचारले तर सांगते, ‘ते औषध आहे.’

गेल्या खेपेला दंत महाविद्यालयात तिच्या नव्या दाढेच्या खाचा भरायच्या होत्या. शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, तिने हाताची खूण ठरवून दिली. नातीने चार वेळा हात वर केला. त्यांतल्या दोन वेळा, माझ्या अंदाजाने, ती फक्त पाहत होती की खरेच थांबतात का. डॉक्टर चारही वेळा थांबली. दहा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. बाहेर बाकावर सोळा-सतरा जण बसलेले होते, आणि आम्ही दार उघडून निघालो तेव्हा त्यांतले एक गृहस्थ कडेवरच्या मुलाला एका हाताने सावरत दुसऱ्या हातातले घड्याळ मला दाखवत होते.